'आलास' की 'आलीस'?

सकाळी कार्यालयात शिरताच कुणीतरी विचारते, "काय रे, आज उशिरा आलास?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसते. पण समोरची व्यक्ती पारलिंगी स्त्री असेल आणि तिने तसे सांगितलेलेही असेल, तर ते 'रे' आणि 'आलास' तिला टोचते. इंग्रजीत समोरासमोर बोलताना क्रियापदात लिंग येत नाही. मराठीत ते पदोपदी येते. त्यामुळे चहापासून बैठकीपर्यंत दिवसभरात हा प्रसंग कितीतरी वेळा घडतो.

एका वाक्याने कुणी आजारी पडत नाही. त्रास साचत जातो. मानसशास्त्रात याला 'मायनॉरिटी स्ट्रेस' म्हणतात. थट्टा होईल, नाकारले जाईल या धास्तीने मन सतत सावध राहते. कामाचा ताण सर्वांनाच असतो, हा त्यावरचा जादा भार. पारलिंगी असणे हा मुळात मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढण्यात आला आहे.

अमेरिकेत १५ ते २१ वयोगटातील १२९ पारलिंगी तरुणांचा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. घर, शाळा, कामाची जागा आणि मित्रमंडळी यांपैकी जितक्या अधिक ठिकाणी त्यांनी निवडलेले नाव वापरले जात होते, तितकी नैराश्याची लक्षणे आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; पण हाक मारण्याची पद्धत ही किरकोळ बाब नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

यावरचा एक सोपा उपाय मराठीतच आहे. 'तुम्ही कधी आलात?', 'तुम्ही जेवलात का?' यांत लिंगाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय ती व्यक्ती स्वतःविषयी 'मी आले' म्हणते की 'मी आलो', याकडे कान दिला तरी बरेचदा उत्तर मिळते. अर्थात कोल्हापूरकडे बायकाही 'आलो' म्हणतात! म्हणून शंका असल्यास एकदा, बाजूला घेऊन, विचारणे उत्तम. चुकले तर 'माफ करा' म्हणून वाक्य दुरुस्त करावे आणि पुढे जावे. लांबलचक दिलगिरीने समोरच्यालाच अवघडल्यासारखे होते. पूर्वीचे नाव आणि शस्त्रक्रियेची चौकशी मात्र टाळावी.

व्यवस्थापनाची जबाबदारी याहून मोठी आहे. २०१९च्या कायद्याने नोकरीत पारलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली असून प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. हजेरीपट, ओळखपत्र आणि ईमेलवर योग्य नाव असले, की दररोज नव्याने खुलासा करण्याची वेळ येत नाही. मग सकाळी दारातून आत येणाऱ्या माणसाला आपल्या कामाकडे निर्धास्त लक्ष देता येते.