अपलोड अडले की ७७७चा उतारा?

संकेतस्थळावर मजकूर लिहिण्यासाठी सीकेएडिटरसारखा एडिटर बसवलेला असतो. त्यातून एखादी पीडीएफ चढवायला गेले आणि ती चढली नाही, की एक ठरलेला सल्ला मिळतो : फोल्डरला ७७७ परवानगी देऊन टाका. या सल्ल्यामागे दोन समजुती आहेत. अपलोड फसले म्हणजे परवानगीच कमी पडली असणार, ही पहिली. आणि परवानगी कमी पडली तर आकडा वाढवायचा, ही दुसरी. दोन्ही तपासून पाहिल्या तर टिकत नाहीत. परवानगीचा प्रश्न ‘किती’ असा नसून ‘कोणाला’ असा असतो, आणि मुळात अडचण परवानगीची आहे का, हे त्याआधी ठरवावे लागते.

एडिटर स्वतः फाइल साठवत नाही, ते काम सर्व्हरवरची स्क्रिप्ट करते. तिथे पोहोचण्याआधी फाइलला अनेक नाके ओलांडावे लागतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये मूळ मर्यादा १ एमबीची असते. त्याहून मोठी विनंती ४१३ क्रमांकाची त्रुटी देऊन दारातूनच परत पाठवली जाते. पीएचपी या स्क्रिप्टच्या भाषेत एका फाइलला २ एमबी आणि संपूर्ण विनंतीला ८ एमबी, अशा मूळ मर्यादा आहेत. दुसरी ओलांडली तर स्क्रिप्टच्या हाती काहीच लागत नाही, जणू फाइल पाठवलीच नव्हती; म्हणूनच एडिटर काहीतरी मोघम संदेश दाखवतो. या नाक्यांतून सुटलेली फाइल आधी तात्पुरत्या फोल्डरात आणि तिथून मुक्कामाच्या फोल्डरात जाते. ज्या फोल्डरला आपण ७७७ देतो, त्याचा संबंध फक्त या शेवटच्या पायरीशी येतो. म्हणून त्याच प्रकारची, काही केबींची फाइल चढवून पाहावी. ती चढली आणि मोठी अडली, तर फोल्डर निर्दोष आहे.

छोटीही अडली, तर मात्र आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, यांची बेरीज म्हणजे प्रत्येक अंक. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे आत शिरणे. फोल्डर एफटीपीने तयार केला तर मालकी एफटीपी खात्याकडे जाते. वेब सर्व्हर मात्र स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालत असेल, तर तो ‘इतर’ ठरतो आणि ७५५मध्ये त्याच्या वाट्याला ५ येतात : वाचा, आत या, पण लिहू नका. इथे उपाय मालकी किंवा गट बदलण्याचा आहे. मालकी बदलली तर ७५५ आणि गट बदलला तर ७७५ पुरते. रेड हॅटच्या लिनक्समध्ये एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था चालू असेल आणि फोल्डरला तिचे लेखनाचे योग्य लेबल नसेल, तर ७७७ देऊनही सर्व्हरला लिहू दिले जात नाही. आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

‘पण ७७७ दिल्यावर चालले की!’ असे कोणी म्हणेल. चालले, हे खरे; पण त्यातून एवढेच सिद्ध झाले की सर्व्हर फोल्डरचा मालक नव्हता. ते निदान झाले, उपचार नव्हे. फाइल पुसण्याचा अधिकार त्या फाइलच्या नव्हे, तर फोल्डरच्या परवानगीवर ठरतो. त्यामुळे त्या यंत्रावरचे दुसरे कोणतेही खाते, फोल्डरपर्यंत पोहोचू शकले तर, आता तुमचे दस्तऐवज पुसू शकते. उलट बाजूने आणखी एक समज आहे : मालकी नीट लावली की फोल्डर सुरक्षित. तेही खरे नाही, कारण सर्व्हरला तिथे लिहिता येतेच. सीकेएडिटरचा पूर्वज एफसीकेएडिटर हा कोल्डफ्यूजन ८ या वेब-प्रणालीसोबत दिला जात असे. २००९मध्ये त्याच्याच अपलोडच्या वाटेने हल्लेखोरांनी अनेक संकेतस्थळांवर स्वतःच्या स्क्रिप्ट चढवून त्या चालवल्या. म्हणून त्या फोल्डरात कोणतीही स्क्रिप्ट चालू न देणे, मोजकेच फाइलप्रकार स्वीकारणे आणि लॉगिनशिवाय अपलोड बंद ठेवणे, हे परवानगीइतकेच गरजेचे आहे. या सगळ्याची सुरुवात सर्व्हरच्या एरर लॉगपासून करावी. तिथे ‘परमिशन डिनाइड’ अशी ओळ दिसत नसेल, तर फोल्डरच्या आकड्यांना हात लावण्याचे कारण सहसा उरत नाही.