किताब जुनी, पण सनद?

आमच्या बीबीतही मोबाइलवर अधूनमधून संदेश फिरतो: दीड हजार वर्षांपूर्वीची इंजील सापडली आणि तिने आपलेच म्हणणे खरे ठरवले! सुबहानअल्लाह म्हणत आपण तो पुढे पाठवतो. ती किताब कोणाच्या हातून आली, हे सहसा कोणी विचारत नाही.

इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरात १८६० साली असाच गाजावाजा झाला. जोसेफ मेयर यांच्या संग्रहात इजिप्तहून आणलेले पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेले जुने कागद होते. त्यांत मत्तयच्या इंजीलचे पहिल्या शतकातले ग्रीक तुकडे मिळाल्याचे कॉन्स्टंटाइन सिमोनिडीस या ग्रीक गृहस्थाने सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तकही निघाले. जाणकारांनी ते तुकडे बनावट ठरवले. हे गृहस्थ खोट्या हस्तलिखितांसाठी आधीच बदनाम होते.

असा लबाड ओळखणे त्यामानाने सोपे. आपल्या मुंबईतली गोष्ट वेगळी आहे. १८१८ साली पारशी विद्वान मुल्ला फिरोज यांनी ‘दसातीर’ हा ग्रंथ छापला. इराणच्या प्राचीन पैगंबरांवर उतरलेले कलाम, असा त्या ग्रंथाचा दावा. हस्तलिखित त्यांच्या वडिलांनी इस्फहानमध्ये मिळवलेले. मुल्लासाहेबांचा त्यावर मनापासून विश्वास होता. पण मुंबईतच विल्यम अर्स्किन यांनी नेमके बोट ठेवले: ‘आसमानी’ म्हणवणाऱ्या त्या भाषेचे शब्द अनोळखी, वाक्यांची ठेवण मात्र फारसीची! पाटण्याला येऊन राहिलेल्या आजर कैवान यांच्या पंथात, सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास तो रचला गेला, असे अभ्यासक आज मानतात.

तोवर त्यातले बनावट शब्द गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत तयार झालेल्या ‘बुरहान-ए-काते’ या फारसी कोशात शिरले होते. मिर्झा गालिब यांनी त्या कोशाच्या चुकांवर अख्खे पुस्तक लिहिले. पण दसातीरवर मात्र त्यांचा भरवसा होता. गालिबसारखा जबानदान फसतो, तिथे तुमची-आमची काय कथा!

आपल्याकडे हदीस घेताना आलिमांनी आधी सनद विचारली: कोणी, कोणाकडून ऐकले? सूरह हुजुरातची सहावी आयतही खबरीची शहानिशा करायला सांगते. खबर आपल्या सोयीची असली, की नेमकी हीच सवय सुटते.

घरच्या पेटीत बुजुर्गांची एखादी हाताने लिहिलेली किताब असेल, तर ती कोणी, कधी, कुठून आणली, हे दादा-दादींना विचारा आणि वेगळ्या कागदावर लिहून तो किताबीसोबत ठेवा. किताबीच्या पानांवर मात्र पेन चालवू नका.