लोणारचा आघात आणि वर्गातील संगणक

लोणारच्या काठावर उभे राहिले असता जे विवर दृष्टीस पडते ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून, बेसाल्टच्या कातळावर अंतराळातून कोसळलेल्या पिंडाच्या आघातानेच ते निर्माण झाले, या मताला १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील आघातजन्य काचेच्या अभ्यासाने भक्कम आधार मिळाला. बुलढाणा जिल्ह्यातील विज्ञानशिक्षकाला असे स्थळ सहलीच्या अंतरावर लाभले आहे, हे त्याचे भाग्य होय. परंतु ज्या क्षणाने हे विवर कोरले तो क्षण कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत पुन्हा घडविता येत नाही, आणि विनामूल्य मिळणाऱ्या सिम्युलेशनचे प्रयोजन नेमके येथे सुरू होते.

गॅरेथ कॉलिन्स, जे मेलॉश आणि रॉबर्ट मार्कस या शास्त्रज्ञांनी २००५ साली सिद्ध केलेला आघात-परिणामांचा गणक इंटरनेटवर कोणासही खुला आहे. येणाऱ्या पिंडाचा व्यास, घनता, वेग, आघाताचा कोन आणि खालच्या भूमीचा प्रकार एवढा तपशील त्यात भरला की विवर केवढे होईल याचा अंदाज मिळतो. वेग दुप्पट केल्यास ऊर्जा चौपट होते, व्यास दुप्पट केल्यास मात्र आठपट, ही पाठ्यपुस्तकातील सूत्रे १.८ किलोमीटरचे उत्तर गाठण्याच्या खटपटीत विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडतात. शिवाय लहान पण वेगवान पिंड आणि मोठा पण मंद पिंड एकाच मापाचे विवर कोरू शकतात, हेही त्यांस स्वतःच उमगते. आघात कधी झाला हे मात्र गणक सांगत नाही; त्याबाबत एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर आर्गॉनच्या समस्थानिकांवरून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे उत्तर आलेले आहे, आणि हे दोन्ही आकडे वर्गात निःसंकोच सांगितले पाहिजेत.

या विवरात साचलेल्या सरोवराचे पाणी अत्यंत अल्कधर्मी आहे. या परिसरात काच आणि साबण यांस लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे, ती या पाण्यातील क्षारांमुळेच. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात हळदीचा कागद बुडवून तो तांबडा होताना पाहण्याचा प्रयोग शाळेत अल्प खर्चात होतो, आणि जे हाताने करता येते ते पडद्यावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या द्रावणातील आयन मात्र डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणून कागद तांबडा झाल्यावर कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील पीएचचे सिम्युलेशन उघडावे आणि पाणी ओतीत गेल्यास आयनांचे प्रमाण कसे बदलते ते दाखवावे. हा प्रकल्प कार्ल वीमन यांनी २००२ साली स्थापिला. सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाशी निगडित असलेले बोस-आइन्स्टाइन संघनन प्रत्यक्षात आणल्याबद्दल वीमन यांना त्याच्या आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते.

माझ्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही नमूद करणे प्राप्त आहे. याच विद्यापीठात केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विद्युत्परिपथ पडद्यावर जोडून शिकलेले विद्यार्थी खऱ्या तारा आणि दिवे जोडण्यातही इतरांहून सरस ठरले. याचे कारण मला असे दिसते की, पडद्यावर विद्युत्प्रवाह वाहताना दिसतो, तारेत तो दिसत नाही. तरीही सैल जोडणी आणि उतरलेला सेल यांची ओळख खऱ्या तारेवाचून होत नाही. म्हणून आधी पडदा आणि त्याच तासाला तारा, असा क्रम मला इष्ट वाटतो.

‘फेट’ची अनेक सिम्युलेशने मराठीत उपलब्ध असून, एकदा उतरवून घेतलेली फाइल इंटरनेटवाचून चालते. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा तालुक्याच्या गावी ती पेन-ड्राइव्हवर घेऊन खेड्यातील शाळेत नेण्याची तजवीज सहज होण्यासारखी आहे. संगणक एकच असेल तर प्रत्येक गटाने आपला अंदाज कारणासह प्रयोगवहीत आधी लिहावा, शिक्षकाने ते सर्व फळ्यावर उतरवावेत आणि त्यानंतरच माउसला हात लावावा.