नागलीच्या मुळाच्या टोकाशी

पावसाळा सुरू झाला की सूर्यमाळच्या उतारांवर, राब भाजलेल्या जमिनीत नागलीचं बी रुजतं. कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशी भराभर विभागतात आणि प्रत्येक खेपेला 36 गुणसूत्रांची हुबेहूब नक्कल व्हावी लागते.

हेलिकेज हे विकर गुणसूत्रातल्या डीएनएचे दोन धागे चेन उघडावी तसे सुटे करतं. प्रायमेज आरएनएचा छोटा तुकडा बसवून सुरुवात करून देतं. खरं नवल पॉलिमरेजचं: ए-समोर टी, जी-समोर सी जोडत जातं आणि चुकलेला घटक बहुतेक वेळा स्वतःच काढून टाकतं! पण त्याला एकाच दिशेनं बांधता येतं. म्हणून दुसरा धागा तुकड्यातुकड्यांनी तयार होतो. ते तुकडे लायगेज सांधतं.

आर्थर कोर्नबर्ग यांना 1956मध्ये पॉलिमरेज सापडलं ते ई. कोलाय जिवाणूत, 1959मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं.