बी आले, बैल आला. माणूस कोठून आला?

बोरघाटाच्या पायथ्याशी कर्जत-खालापूरच्या मुलुखात पावसाळ्यात फेरफटका करणाऱ्यास खाली खाचरांत भात व वर वरकस उतारावर नाचणी दिसते. कोठे वशिंडाचा बैल औताला जुंपलेला असतो. हा सारा संसार मूळचा येथलाच, असे कोणासही वाटावे. परंतु या तिघांची कुळकथा तीन निरनिराळ्या दिशांना जाते.

नाचणी प्रथम पिकली ती पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात. भाताचा संबंध गंगेच्या खोऱ्याशी, तसाच चीनमधील यांगत्से नदीशीही पोहोचतो. वशिंडाचा बैल मात्र याच उपखंडात माणसाळला. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वी जव पिकविणाऱ्या लोकांची वस्ती होती व पुढे तेथे गुरे पाळली जाऊ लागली.

मग बियाण्याबरोबर माणसेही आली काय? युरोपात आली, हे प्राचीन अस्थींतील आनुवंशिक द्रव्यावरून ठरले आहे. आजच्या तुर्कस्तानातील शेतकरी तेथे मोठ्या संख्येने जाऊन वसले. आपल्याकडील पुरावा निराळा आहे. हरियाणातील राखीगढी येथील एका स्त्रीच्या अस्थींची परीक्षा २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पूर्वजांचे प्राचीन इराणातील लोकांशी नाते आढळले; पण ती शाखा तेथे शेती सुरू होण्यापूर्वीच वेगळी झालेली होती. म्हणजे शेती आणावयास पश्चिमेकडून शेतकऱ्यांचे लोंढेच यावे लागले, असे नव्हे. बी हातोहातही प्रवास करते.

घाट चढून देशावर गेले की शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव लागते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास तेथे वसलेल्या लोकांची मडकी माळव्याशी नाते सांगतात. त्यांनी जव पेरला, गुरे पाळली, पाटही खोदला. पुढे इ. स. पूर्व १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. शेती उणावली, शेळ्या-मेंढ्या व शिकार यांवर भिस्त वाढली. पाऊस कमी झाला असावा, असे उत्खनकांचे मत आहे. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

शिकारीकडून शेतीकडे एकच सरळ वाट जाते, हा समज येथे खोटा ठरतो. म्हणून कर्जत-खालापूरच्या रानातील कातकऱ्यास ‘मागे राहिलेला’ म्हणणाऱ्याने थोडे थांबावे. इनामगावचा शेतकरी दुष्काळात पुन्हा शिकारीकडे वळला, तो अज्ञानाने नव्हे, पोट भरावयास.