मॅटिंग्लेची दुसरी खेप

हॅटवरच्या पिसांपायी बगळ्यांची जी कत्तल झाली, तिची ढोबळ हकीकत पक्षीमित्रांना पाठ असते. फ्रँक चॅपमनने १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ७०० हॅट मोजल्या आणि त्यांतल्या ५४२ पिसांनी सजलेल्या निघाल्या. फ्लोरिडात गाय ब्रॅडली हा रखवालदार १९०५ मध्ये गोळी लागून मेला. इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांनी पक्षिरक्षणाच्या संस्था उभ्या केल्या. हे सगळे इथे पुन्हा उगाळत नाही. या हकिकतीतले एक भांडण मात्र अडगळीत पडले आहे. कॅमेरा घेऊन बगळ्यांमागे हिंडणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी समजून घ्यावे, कारण बगळ्याचा फोटो नेमका कशासाठी काढायचा या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत पटणारे उत्तर त्यातच आहे. भांडण होते ते पीस आपोआप गळले की पक्षी मारून काढले, याचे.

विणीच्या दिवसांत मोठ्या बगळ्याच्या पाठीवर सुट्या, विरळ तंतूंची लांब पिसे येतात. छोट्या बगळ्याला ती पाठीवर आणि छातीवर येतात, शिवाय डोक्यामागे दोन शेंड्या लोंबतात. हंगाम सरला की हा साज झडतो. व्यापाऱ्यांनी याच निसर्गक्रमाचा आधार घेतला. आम्ही पक्षी मारत नाही, वीणवसाहतीत झाडांखाली गळलेली पिसे वेचून आणतो, असे ते सांगू लागले. लिओन लाग्लेझ नावाच्या फ्रेंच माणसाने व्हेनेझुएलातल्या वसाहतींबद्दल अशीच ग्वाही दिली, आणि सी. एफ. डाउनहॅम या लंडनच्या व्यापाऱ्याने १९११ मध्ये पीस-व्यापाराच्या बचावाचे पुस्तकच छापले. हा बचाव निखालस खोटा होता असेही नाही. काही पिसे खरोखरच वेचली जात. फक्त ती मळलेली, झिजलेली असत आणि त्यांना भाव फार कमी मिळे. एकट्या १९०२ साली लंडनच्या लिलावांत बगळ्यांच्या पिसांची १,६०८ पुडकी विकली गेली. दर पुडक्यात सुमारे ३० औंस आणि औंसाला चार पक्षी, असा हिशेब पक्षिरक्षकांनी मांडला आणि १,९२,९६० हा आकडा काढला. पण वेचलेल्या पिसांसाठी पक्षी मरतच नाही, असे म्हटले की हा हिशेबच कोसळतो. दुकानातल्या पिसाकडे बघून ते कुठून आले ते ओळखता येत नाही, आणि दलदलीत जाऊन खातरजमा करणारा ग्राहक कोण असणार!

हा पेच सोडवला ऑस्ट्रेलियातल्या एका हौशी पक्षिनिरीक्षकाने, तोही ठरवून नव्हे. ए. एच. ई. मॅटिंग्ले याने न्यू साउथ वेल्समध्ये मथूरा गावाजवळच्या पाणथळीत १९०६ च्या हंगामात बगळ्यांच्या वसाहतीचे फोटो काढले होते. नाताळच्या सुटीत, उकाडा आणि डासांना न जुमानता, तो पुन्हा तिथे गेला. त्याला एकच फोटो हवा होता: पिल्लाला घास भरवणारा बगळा. आज भिगवणपासून भरतपूरपर्यंत लोक लांब लेन्स लावून ज्याची वाट बघत बसतात, तोच. जवळ पोचल्यावर पाण्यात आणि पडलेल्या ओंडक्यांवर पांढरे ठिपके दिसू लागले. ती बगळ्यांची मढी होती. किमान ५०, पिसे काढून टाकून दिलेली. वरच्या घरट्यांत सुमारे २०० पिल्ले उपाशी होती. इतर बगळे चारा घेऊन डोक्यावरून जात, तेव्हा ही पिल्ले त्यांच्याकडे बघून ओरडत. घरट्याच्या काठावरून माना खाली टाकलेली, धुगधुगी उरलेली पिल्लेही त्याने टिपली. १९०७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पक्षितज्ज्ञांच्या ‘एमू’ या नियतकालिकात त्याचा लेख फोटोंसह आला. पुढे इंग्लंडच्या पक्षिरक्षण संस्थेने ते फोटो मोठे करून घेतले आणि १९११ च्या जुलैत लंडनच्या वेस्ट एंड भागात, ऐन हॅटच्या दुकानांसमोरून, भाडोत्री माणसांच्या अंगावर फलक लटकवून मिरवले.

या फोटोंची ताकद त्यांच्या करुणेत होती असे सर्रास लिहिले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. मेलेला बगळा दाखवणारा सुटा फोटो व्यापाऱ्यांनी सहज झटकला असता. रोगाने मेला असेल, वादळात पडला असेल, असे म्हणता आले असते. मॅटिंग्लेकडे त्याच वसाहतीची आधीची चित्रे होती. वसाहत नांदती होती, मग आईबाप पाण्यात मरून पडले, मग पिल्ले भुकेने गेली, असा क्रम एका जागी आणि एका हंगामात बांधला गेला होता. पिल्ले घरट्यात असताना बगळे वसाहत सोडून जात नाहीत, म्हणूनच शिकारी तेव्हा येतात, ही गोष्टही त्या क्रमातून आपोआप सिद्ध झाली. पिसे वेचणाऱ्याला त्या वेळी येण्याची गरजच नसते. पहिल्या खेपेचे फोटो नुसते सुंदर राहिले असते. दुसऱ्या खेपेने ते पुराव्यात दाखल केले.

यावर एक वजनदार आक्षेप आपल्याच बाजूने येतो. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये बगळे चक्क पाळले जात. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या जर्नलमध्ये जी. बर्च यांनी १९१४ साली आणि सी. ई. बेन्सन यांनी १९२२ साली या बगळापालनावर लेख लिहिले आहेत. छोटे बगळे बंदिस्त ठेवायचे, तिथेच त्यांची वीण करायची आणि जिवंत पक्ष्याची पिसे काढून घ्यायची, असा हा धंदा. म्हणजे न मारता पीस मिळत होते, आणि व्यापाऱ्यांचे म्हणणे निदान एका ठिकाणी खरे होते. मला हे दोन्ही लेख उलट बाजूची साक्ष वाटतात. झाडाखाली वाकून पिसे वेचण्यावर धंदा चालणार असता, तर बगळ्यांसारख्या खादाड पक्ष्यांना रोज मासे घालून सांभाळण्याचा खटाटोप कोणी केला असता? बगळापालन होते, याचाच अर्थ वेचणी पुरत नव्हती. शिवाय हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्येच पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली होती. पाळलेल्याचे पीस आणि मारलेल्याचे पीस कस्टमच्या कारकुनाला सारखेच दिसणार. तेव्हा एकाला वाट मोकळी ठेवली की दुसरेही त्याच वाटेने जाणार. सिंधमधल्या पाळणाऱ्यांवर यात अन्याय झाला हे मान्य करावे लागते. तरी सरसकट बंदीखेरीज दुसरा मार्ग नव्हता, असेच माझे मत आहे.

दुसरा आक्षेप असा, की इंग्लंडात पिसांच्या आयातीला बंदी करणारा कायदा १९२१ मध्ये झाला, फलकांनंतर दहा वर्षांनी. मध्ये महायुद्ध झाले, बायकांनी केस कापले, हॅट लहान झाल्या. मग फोटोंचे श्रेय ते किती? फॅशनचा वाटा मोठा आहेच. पण फॅशन जशी जाते तशी परतही येते, आणि परतली तेव्हा आडवा यायला कायदा होता. ‘गळलेली पिसे’ या बचावाला तोंडावर उत्तर देणारी चित्रे हाती नसती तर तो कायदा आणखी किती रेंगाळला असता, याची कल्पना करावी.

तिसरा आक्षेप अधिक अडचणीचा: मॅटिंग्लेही वसाहतीत घुसलाच होता. खरे आहे, आणि त्याची ती पद्धत आज चालू देता कामा नये. ट्रेम्ब्ले आणि एलिसन यांनी १९७९ मध्ये क्वीबेकमधल्या रातबगळ्यांवर केलेले संशोधन प्रसिद्ध आहे. अंडी घालण्याच्या सुमारास माणूस वसाहतीत फिरला की पक्षी नवी घरटी सोडतात किंवा अंडी भक्षकांच्या तोंडी जातात, आणि उशिरा येणाऱ्या जोड्या तिथे बसतच नाहीत, असे त्यांना आढळले. आपल्याकडे कावळे हे काम चोख करतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर पक्ष्यांच्या घरट्यांना धक्का लावणे शिकारीच्याच व्याख्येत घातले आहे. गावातल्या वडापिंपळावरचे बगळे माणसांना सरावलेले असतात, रस्त्यावरून लांब लेन्सने टिपले तर काय बिघडते, असे यावर म्हणतात. फारसे बिघडत नाही. मिळतही फारसे नाही. त्याच दिवसांत भाताच्या खाचरात उभ्या छोट्या बगळ्याचा चेहरा नीट टिपला तर चोच आणि डोळा यांमधली उघडी कातडी लालसर झालेली दिसते. हा रंग जोडी जमण्याच्या थोड्याच दिवसांपुरता असतो. तारीख आणि जागा नोंदवलेला असा फोटो त्या भागातली वीण कधी सुरू झाली ते सांगतो. पिसारा फुलवलेल्या बगळ्याच्या हजाराव्या चित्राला, त्यावर तारीख नसेल, तर ते सांगता येत नाही.

मग घरट्यांकडे कॅमेरा कधी वळवूच नये का? वळवावा, झाडावर करवत चालणार असेल तेव्हा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ मध्ये महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेले चिंचेचे झाड भर विणीत पाडले गेले, आणि पाणपक्ष्यांची पिल्ले रस्त्यावर आपटून मेली. त्या प्रसंगाची चित्रफीत लोकांत पसरली आणि वनखात्याने गुन्हा नोंदवला. झाड कुठले, दिवस कुठला आणि ते कोसळताना त्यावर घरटी होती की नव्हती, यावर तिथे वाद घालायला कुणालाच जागा उरली नव्हती.