वजाबाकीतून दिसणारे हृदय

प्राथमिक शाळेत बेरजेच्या पाठोपाठ वजाबाकी येते. मोठ्या संख्येतून लहान संख्या काढावी, उरेल ती बाकी मांडावी, इतका साधा तो हिशेब. याच हिशेबाने माणसाच्या देहातील रक्ताचा मार्ग डोळ्यांस दिसू लागला, हे प्रथम वाचनात आले तेव्हा आम्हांस मोठे नवल वाटले होते. अळणावरसारख्या गावातील मराठी घरांत आता हृदयाच्या तपासणीचे कागद वरचेवर येऊ लागले आहेत. त्यामागचे शास्त्र थोडे तरी उमगावे, म्हणून हा प्रपंच.

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या किरणांना हाड अडविते, म्हणून हाडाचे चित्र स्वच्छ उमटते. हृदयाची गोष्ट निराळी. त्याचे स्नायू आणि त्यात खेळणारे रक्त किरणांना जवळजवळ सारखेच अडवितात. त्यामुळे साध्या चित्रात हृदयाची केवळ बाह्याकृती दिसते, आतले काही कळत नाही. यावर उपाय म्हणजे किरणांना अडविणारे आयोडीनयुक्त द्रव्य रक्तात सोडणे. बोलीभाषेत त्यालाच ‘डाय’ म्हणतात.

हे द्रव्य हृदयापर्यंत पोचवावे कसे? १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या नीलेतून एक बारीक नळी हृदयाकडे सरकविली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरणांचे चित्र काढून घेतले. त्या काळी त्याची उपेक्षा झाली. १९५६ साली मात्र कूर्नां व रिचर्ड्स यांच्यासह त्याला नोबेल मिळाले. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून एका रुग्णाच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीतच हे द्रव्य अनपेक्षितपणे शिरले. रुग्ण बचावला, आणि आजच्या अँजिओग्राफीची वाट मोकळी झाली.

आता संगणकाची कामगिरी पाहू. विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स मिस्ट्रेटा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही रीत विकसित केली. द्रव्य सोडण्यापूर्वी एक चित्र घ्यावयाचे, सोडल्यानंतर दुसरे. चित्रातील प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणाला संगणक एक अंक देतो आणि दुसऱ्या चित्रातील अंकांतून पहिल्यातील अंक वजा करतो. बरगड्या, मणके, फुफ्फुसे दोन्हीकडे समान, म्हणून ती लोपतात. बाकी उरते ते केवळ द्रव्य, म्हणजेच रक्ताचा मार्ग. अगदी फिकी रेघही मग ठळक करता येते.

या पद्धतीने हृदयाच्या डाव्या कप्प्याचे चित्र घेतले की त्याचे काम मोजता येते. कप्पा पूर्ण भरला असता त्यात १२० मिलिलिटर रक्त आहे आणि एका ठोक्यात त्यातील ७० मिलिलिटर बाहेर पडते, असे समजू. म्हणजे सुमारे ५८ टक्के रक्त पुढे ढकलले गेले. या प्रमाणास ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणतात. निरोगी माणसात ते साधारणतः ५५ ते ७० टक्के असते.

मात्र या वजाबाकीला एक अट आहे: दोन्ही चित्रांच्या वेळी अवयव जागचा हलता कामा नये. हृदय तर क्षणभरही थांबत नाही. म्हणून ही रीत मेंदूच्या, मूत्रपिंडांच्या व पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी अधिक रुळली. हृदयाच्या धमन्यांसाठी नळीतून द्रव्य सोडून चलच्चित्र घेतात, तर इजेक्शन फ्रॅक्शन आता बहुधा ध्वनिलहरींच्या, म्हणजे ‘इको’ तपासणीने मोजतात.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी असाच एक कागद आला. त्यावर आकडा होता ३५. शालान्त परीक्षेत वर्षानुवर्षे पस्तीस गुणांना उत्तीर्ण होणारी मुले पाहिलेल्या त्या कुटुंबाने ‘काठावर का होईना, पास झाले’ म्हणून निःश्वास सोडला आणि औषधोपचार लांबणीवर टाकला. वस्तुतः ही परीक्षा शंभर गुणांची नव्हेच. येथे ६० हा उत्तम आकडा आणि ३५ हा हृदय दुबळे झाल्याचा इशारा. सुदैवाने मुलीने तो कागद पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवला, उपचार सुरू झाले आणि आज गुरुजी सकाळी स्टेशनापर्यंत फिरून येतात. याच्या उलट, आकडा चांगला म्हणजे धमन्या स्वच्छच, असेही समजू नये; त्या दोन तपासण्या वेगळ्या.

आमच्या गावाहून रेल्वेने एका बाजूस धारवाड-हुबळी, दुसऱ्या बाजूस लोंढ्यामार्गे बेळगाव आणि पुढे मिरज. मोठी रुग्णालये या वाटेवर आहेत; अडचण येते ती भाषेची. कागद इंग्रजीत, डॉक्टर कानडीत बोलणार, आणि घरातील वडीलधाऱ्यांना सारे मराठीत समजवावयाचे. हे काम शिकलेल्या मुलांनी अंगावर घ्यावे. कागदावरील प्रत्येक आकड्याचा अर्थ डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, पूर्वी एखाद्या औषधाने उठलेली ॲलर्जी वा गर्भारपण असल्यास ते तपासणीपूर्वीच सांगावे; कारण द्रव्य व किरण दोन्ही जपून वापरावयाच्या वस्तू आहेत. आणि छातीत दाटून आले, घाम फुटला, तर पित्त समजून रात्र काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

यंत्र आकडा देते. त्याचा अर्थ मात्र विचारूनच कळतो. या लेखामुळे एखाद्या घराने तो वेळीच विचारला, तरी आमच्या लेखणीचे सार्थक झाले.